बालगंधर्वांची प्रारंभीची कारकीर्द

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते. १९०५ मध्ये मिरज येथे किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत त्यांनी रंगभूमीवर पदार्पण केले. १९१३ मध्ये ते या मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. प्रस्तुत लेखात त्यांच्या या आठ वर्षांच्या प्रारंभीच्या कारकिर्दीचा आणि तिच्या पूर्वतयारीचा परामर्श घेतला आहे. मुख्य गायक-नटाच्या निधनाने अडचणीत आलेल्या मंडळीला या काळात नवा आधार मिळाला. पुढे त्याच आधाराभोवती मंडळीचे सारे अर्थकारण फिरू लागले आणि तो निसटल्यावर तिला उतरती कळा लागली.

पार्श्वभूमी

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. संवाद आणि पदे यांचा मेळ घालणारा हा प्रयोग आधुनिक मराठी संगीत नाटकाचा आरंभ मानला जातो. पूर्वीच्या पौराणिक नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार गात असे. किर्लोस्करी नाटकात प्रत्येक पात्र आपली पदे आपण गाऊ लागले. परिणामी नटाजवळ गळा, अभिनय आणि रूप या तिन्ही गोष्टी असणे आवश्यक झाले. १८८२ मध्ये आलेल्या ‘सौभद्र’ नाटकाने ही पद्धती लोकप्रिय केली. कृष्णाचे मिस्कील कारस्थान, अर्जुनाचा संन्याशाचा वेष आणि सुभद्रेची घालमेल यांमुळे संगीत नाटकात खेळकर विनोदाची एक परंपरा सुरू झाली.

या मंडळीच्या यशात भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांचा वाटा मोठा होता. ‘भावड्या’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाऊरावांचा उंच पट्टीचा आवाज आणि त्यांच्या शकुंतला, सुभद्रा इत्यादी भूमिका यांसाठी लोक दूरदूरहून येत. अण्णासाहेब १८८५ मध्ये निवर्तल्यानंतरही मंडळी टिकून राहिली, ती मुख्यतः भाऊरावांमुळे. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊरावांचे अकाली निधन झाले आणि मंडळीपुढे मोठा प्रश्न उभा राहिला.

त्या काळी घरंदाज स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. केवळ स्त्री-कलावंतांच्या काही मंडळ्या होत्या. परंतु स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र काम करणे प्रतिष्ठित मंडळ्यांत मान्य नव्हते. त्यामुळे नायिकेसाठी गोड गळ्याचा, देखणा तरुण नट मिळवणे हे प्रत्येक संगीत मंडळीच्या अस्तित्वाशी निगडित होते. अशा नटास नाटकी बोलीत ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. मंडळीचे बिऱ्हाड गावोगाव फिरे. नट, वादक, पडदे ओढणारे, आचारी आणि त्यांची कुटुंबे अशा अनेकांचे पोट तिकीटविक्रीवर अवलंबून असे आणि ती विक्री बहुतांशी नायिकेच्या गाण्यावर ठरे.

बालपण आणि संगीतशिक्षण

नारायणरावांच्या वडिलांचे नाव श्रीपाद कृष्णाजी राजहंस आणि आईचे अन्नपूर्णाबाई. कृष्णाकाठच्या नागठाणे (सध्याचा सांगली जिल्हा) या गावाशी राजहंस कुटुंबाचा संबंध होता. वडील सरकारी नोकरीत होते. घरची स्थिती बेताची असली, तरी घरात गाण्याची आवड होती. लहान वयातच नारायणरावांच्या आवाजातील गोडवा आप्तेष्टांच्या ध्यानी आला.

शिक्षणासाठी नारायणराव काही काळ जळगाव येथे होते. तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना शास्त्रीय संगीताचे आरंभीचे धडे मिळाले. शालेय अभ्यासात त्यांची विशेष प्रगती झाली नाही. संगीत नाटकातील पदे मात्र ते ऐकून ऐकून आत्मसात करत. किर्लोस्करी नाटकांची पदे त्या काळी घराघरांत म्हटली जात. नाट्यगृहात न जाणाऱ्या माणसालाही ती ठाऊक असत. नारायणरावांच्या कानावरही ती रंगभूमीवर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी पडली होती.

‘बालगंधर्व’ हे नाव

१८९८ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी, पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे गाण्याचा योग नारायणरावांना आला. त्या वेळी टिळकांनी या मुलाचे कौतुक करताना त्याला बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले, अशी माहिती बहुतेक चरित्रांत आढळते. ‘गंधर्व’ म्हणजे देवलोकीचा गायक. पुढील काळात मराठी संगीतात सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व अशी नावे प्रचलित झाली.

या नावाने कौतुकाबरोबर अपेक्षेचे ओझेही आले. रंगभूमीवर पदार्पण करण्याच्या कितीतरी आधी नारायणराव या नावाने ओळखले जाऊ लागले होते. त्यामुळे पहिल्या प्रयोगाला आलेला प्रेक्षक एका नवख्या मुलाला पाहण्यासाठी आला नव्हता. ज्याची कीर्ती आधीच कानी आली होती, त्या गायकाची तो परीक्षा घेणार होता.

श्रवणदोष आणि शाहू महाराजांचे साहाय्य

नारायणरावांना लहानपणापासून कानाचा विकार होता आणि त्यांना कमी ऐकू येत असे. गायक-नटाच्या दृष्टीने हा दोष गंभीर होता. संगीत नाटकात नटाला साथीच्या वाद्यांचा सूर धरावा लागतो, तबल्याची सम सांभाळावी लागते, शिवाय समोरच्या पात्राचे वाक्य संपताच आपले वाक्य उचलावे लागते. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या गलबल्यात, हे काम चांगल्या कानाच्या नटालाही सोपे नव्हते.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी नारायणरावांचे गाणे ऐकले होते. कुस्ती, संगीत आणि नाटक या तिन्ही कलांना महाराजांचा उदार आश्रय होता. त्यांनी नारायणरावांना मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात पाठवून त्यांच्या कानावर उपचार करवले. वानलेस यांचे हे रुग्णालय त्या काळी दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रक्रियेसाठी विख्यात होते. उपचारांनी आराम पडल्यावर नारायणरावांना किर्लोस्कर मंडळीत घेतले जावे, यासाठीही महाराजांनी शब्द टाकला.

मिरजेतील पदार्पण

१९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम मिरज येथे होता. नानासाहेब जोगळेकर हे मंडळीतील प्रमुख गायक-नट आणि चालक होते. शंकरराव मुजुमदार हे व्यवस्था पाहत. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचेही मार्गदर्शन मंडळीला लाभत असे. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल स्वतः अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत वाढलेले होते. नटाकडून वाक्य नैसर्गिकपणे वदवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

मिरजेतच ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेत नारायणराव प्रथम प्रेक्षकांसमोर आले. त्यांचे वय त्या वेळी सतरा वर्षांचे होते. ही निवड जोखमीची होती. ‘शाकुंतल’ हे मंडळीचे आद्य नाटक आणि शकुंतला ही भाऊरावांची गाजलेली भूमिका. भाऊरावांना ऐकलेले अनेक रसिक अद्याप हयात होते आणि तुलना अपरिहार्य होती. प्रयोग यशस्वी झाला आणि मंडळीला नवी नायिका मिळाली.

भाऊराव आणि बालगंधर्व यांच्या गायनात मोठा फरक होता. भाऊरावांची ख्याती चढ्या, खणखणीत आणि दूरवर पोहोचणाऱ्या तानांसाठी होती. नारायणरावांचा आवाज त्या मानाने मृदू होता आणि गाण्याचा ओढा पदातील भाव उलगडण्याकडे होता. त्यांनी भाऊरावांचे अनुकरण केले नाही, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. जुन्याच पदांना त्यांच्या गळ्यात वेगळे रूप मिळाले.

स्त्रीभूमिकेची जडणघडण

पदार्पणानंतरच्या काही वर्षांत किर्लोस्कर मंडळीच्या संचातील बहुतेक नायिका नारायणरावांकडे आल्या. ‘सौभद्र’ नाटकातील सुभद्रा, ‘मृच्छकटिक’ नाटकातील वसंतसेना आणि ‘शारदा’ नाटकातील शारदा या भूमिका त्यांत विशेष उल्लेखनीय होत. या तिन्ही नायिकांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. सुभद्रा ही लाडात वाढलेली, रुसणारी राजकन्या आहे. वसंतसेना ही गणिका असून निष्ठेने प्रेम करणारी आहे. शारदा ही पैशाच्या लोभापायी वृद्धाशी लग्न लावून दिली जाणारी कोवळी मुलगी आहे. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘शारदा’ हे नाटक जरठ-कुमारी विवाहाच्या प्रथेवर आघात करणारे असल्याने तिच्या भूमिकेत गोड गाण्याइतकीच अगतिकतेची जाणीव आवश्यक होती.

देवलांच्या तालमीचा उपयोग येथे झाला. पुरुष नटाने केलेल्या स्त्रीभूमिकेत अतिरेकी लचके, मुरके आणि कृत्रिम किनरा आवाज यांचा धोका असतो. नारायणरावांनी तो टाळला. नऊवारी लुगड्याचा पदर सावरण्याची रीत, बसण्याउठण्याचा डौल, नजर खाली वळवण्याची वेळ अशा बारीक गोष्टी त्यांनी घरंदाज स्त्रियांच्या वागण्यातून उचलल्या. पुढे याची उलटी प्रक्रियाही घडली. त्यांची केशरचना, दागिने आणि लुगडे नेसण्याची ढब यांचे अनुकरण प्रेक्षागृहातील स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने रंगवलेली स्त्री ही मध्यमवर्गीय स्त्रीच्या वेषभूषेचा आदर्श ठरावी, ही मराठी समाजेतिहासातील एक लक्षणीय घटना होय.

विनोदप्रधान संगीत नाटके

किर्लोस्कर मंडळीच्या या काळातील संचात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या नाटकांना मोठे स्थान होते. कोल्हटकर हे मराठी विनोदी वाङ्मयाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १८९६ मधील ‘वीरतनय’ या नाटकापासून त्यांनी पौराणिक आणि संस्कृत कथानकांऐवजी कल्पित, गुंतागुंतीची कथानके, कोटीबाज संवाद आणि पारशी रंगभूमीवरच्या चालींशी नाते सांगणारी पदे रूढ केली. कीर्तन, साकी, दिंडी आणि लावणी यांच्या चालींना सरावलेल्या प्रेक्षकाला हे संगीत नवे होते.

‘मूकनायक’ या कोल्हटकरांच्या नाटकात सरोजिनीची भूमिका नारायणराव करत. आपल्या आवडत्या राजकन्येच्या सहवासात राहण्यासाठी विक्रांत हा नायक मुक्याचे सोंग घेतो, या कल्पनेवर हे नाटक उभे आहे. नायक बोलू शकत नसल्याने प्रेमप्रसंगाचा भार नायिकेच्या बोलण्यावर, गाण्यावर आणि मुद्राभिनयावर पडतो. ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ आणि ‘प्रेमशोधन’ ही कोल्हटकरांची अन्य नाटकेही मंडळीने केली.

या नाटकांचा नारायणरावांच्या अभिनयावर दीर्घकालीन परिणाम झाला. करुण भूमिकेत गाणे नटाला सांभाळून नेते. विनोदी प्रवेशात मात्र कोटीला कोटीने उत्तर द्यावे लागते आणि पद थोडे लांबले तरी संवादातली गंमत ओसरते. मंडळीत गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांच्यासारखा कसलेला विनोदी नट असल्याने नारायणरावांना ही शिस्त अंगी बाणवता आली. बोडसांची गद्यावरील हुकमत आणि नारायणरावांचे गायन ही जोडी पुढे अनेक वर्षे प्रेक्षकांच्या आवडीची राहिली.

भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व

नारायणरावांच्या गायनाला भक्कम शास्त्रीय बैठक दिली ती भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी. भास्करबुवा बालवयात स्वतः किर्लोस्कर मंडळीत नट होते. आवाज फुटल्यावर त्यांना मंडळी सोडावी लागली. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा थोर गुरूंकडे कष्टाने विद्या संपादन करून ते अग्रगण्य ख्यालगायक झाले. १९११ मध्ये पुण्यात त्यांनी भारत गायन समाजाची स्थापना केली.

रंगभूमी आणि मैफल या दोहोंचे मर्म जाणणारा असा गुरू मिळणे हे नारायणरावांचे भाग्य होते. ख्यालगायकाला एखादा राग खुलवण्यास हवा तेवढा अवकाश असतो. नाट्यपद गाणाऱ्याला तो काही मिनिटांतच दाखवावा लागतो आणि तोही नाटकातील पात्र राहून. लांबलचक आलापी गाळून रागाचा गाभा थोडक्यात मांडणे, तान पदातील शब्दाच्या अंगाने घेणे आणि लय न सोडता अर्थ स्पष्ट ठेवणे हे नारायणरावांनी या तालमीत साधले.

मानापमान

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’चे पत्रकार. त्यांचे ‘कीचकवध’ हे गद्य नाटक राजकीय रूपकामुळे इतके प्रक्षोभक ठरले की ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्यानंतर त्यांनी किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ हे आपले पहिले संगीत नाटक लिहिले.

नाटकाचे कथानक सुखान्त आणि खेळकर आहे. श्रीमंत घरातील भामिनी ही धैर्यधर या शूर पण निर्धन सेनापतीला त्याच्या गरिबीमुळे नाकारते. पुढे वनमाला असे नाव घेऊन, साध्या वेषात ती त्याच्याजवळ वावरते. तिथे त्याचे गुण प्रत्यक्ष पाहिल्यावर तिचा गर्व गळून पडतो. धनाची घमेंड मिरवणारा भित्रा लक्ष्मीधर हे नाटकातील विनोदी पात्र. पहिल्या संचात भामिनी नारायणराव, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर आणि लक्ष्मीधर गणपतराव बोडस अशी भूमिकांची वाटणी होती. भामिनीची भूमिका नारायणरावांना विशेष मानवली. एकाच नायिकेत मानिनी आणि प्रेमळ तरुणी अशी दोन रूपे दाखवण्याची, आणि त्यातही वेषांतराची गंमत राखण्याची, संधी तीत होती.

पदांच्या चाली गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी दिल्या. नामवंत हार्मोनिअमवादक असलेल्या टेंब्यांना उत्तरेकडील गायिकांच्या ठुमरी, दादरा आणि कजरी या प्रकारांचा चांगला परिचय होता. या पूरब ढंगाच्या चाली त्यांनी निवडल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. नाटककाराबरोबर स्वतंत्र संगीतकाराने एका नाटकाची पदे घडवण्याची पद्धत या नाटकापासून प्रतिष्ठित झाली. ठुमरीत एकच ओळ नाना तऱ्हांनी आळवून भाव व्यक्त केला जातो. नारायणरावांच्या मृदू आणि लवचिक आवाजाला हा प्रकार अतिशय पोषक ठरला.

पहिला प्रयोग

‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांच्या लहान मुलीचे निधन झाले. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी दाखवली. परंतु प्रेक्षकांना परत पाठवण्यास नारायणरावांनी नकार दिला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्या रात्री त्यांनी भामिनीची भूमिका केली. खेळकर नाटकातील अवखळ, मानी नायिकेचे हसणे आणि रुसणे त्यांनी प्रेक्षकांपुढे उभे केले आणि नाटकाला अपूर्व यश मिळाले.

हा प्रसंग नारायणरावांच्या प्रेक्षकनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत. या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. मंडळीने नव्या नाटकासाठी पडदे, कपडे आणि तालमी यांवर मोठा खर्च केलेला होता. भामिनीची भूमिका दुसरा कोणी करू शकेल, अशी स्थिती नव्हती. १९०५ मध्ये मंडळीने नारायणरावांना आश्रय दिला होता. सहा वर्षांनंतर मंडळीच त्यांच्या आश्रयाने चालत होती. त्यांच्या घरातील दुःखापुढेही प्रयोग उभा राहावा, इतके हे अवलंबन खोल झाले होते.

मंडळीतील फूट

‘मानापमान’नंतर काही महिन्यांतच, १९११ मध्येच, नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाले. जोगळेकर हे नट आणि व्यवस्थापन यांमधला दुवा होते. त्यांच्या पश्चात मंडळीची सूत्रे शंकरराव मुजुमदार यांच्या हाती एकवटली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र लिहिणारे आणि रंगभूमीविषयक मासिक चालवणारे मुजुमदार हे अभ्यासू आणि करडे व्यवस्थापक होते. मंडळीची शिस्त आणि मालकी हक्क यांबाबत त्यांची मते ठाम होती. ज्यांच्या नावावर नाट्यगृह भरत होते, त्या नटांना मालकीत आणि निर्णयात वाटा हवा होता. १९१३ मध्ये खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ हे दुसरे संगीत नाटक रंगभूमीवर आले. कच-देवयानीच्या आख्यानावर आधारलेल्या या नाटकात नारायणरावांनी देवयानीची भूमिका केली. त्याचे संगीत भास्करबुवांचे होते. नाटक यशस्वी झाले, तरी मंडळीतील मतभेद मिटले नाहीत.

५ जुलै १९१३ रोजी नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. गायक-नायिका, विनोदी गद्यनट आणि संगीतकार असे संगीत नाटकाचे तीन आधारस्तंभ एकाच वेळी जुन्या मंडळीतून बाहेर पडले. किर्लोस्कर मंडळीने मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्यासारख्या तेजस्वी बालनटाला घेऊन काही वर्षे तग धरला. परंतु १९१८ मध्ये दीनानाथांनीही बळवंत संगीत मंडळी काढली आणि किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे वैभव पुन्हा प्राप्त झाले नाही. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ मंडळी १९०८ पासून कार्यरत होतीच. या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. मंडळीच्या नावापेक्षा मुख्य गायक-नटाचे नाव मोठे झाले की तो स्वतःची मंडळी काढी.

गायन व अभिनयाची वैशिष्ट्ये

पहिल्या आठ वर्षांत बालगंधर्वांच्या शैलीची जी लक्षणे निश्चित झाली, ती पुढेही कायम राहिली. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे गद्य आणि पद्य यांमधील सांधा. संगीत नाटकात संवाद थांबून गाणे सुरू होते, तेथे प्रेक्षकाला खटका जाणवण्याचा संभव असतो. बालगंधर्व पदाआधीचे वाक्यच सुरात बोलत. वाक्याचा शेवट पदाच्या आरंभीच्या स्वराजवळ येऊन ठेपे आणि बोलणे केव्हा संपले व गाणे केव्हा सुरू झाले, हे कळत नसे.

दुसरे लक्षण शब्दांच्या स्पष्टतेचे. पदातील प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे, हे ध्वनिवर्धकाविना साधण्यासाठी आवाज चढवावा लागतो आणि चढवलेल्या आवाजात मार्दव टिकत नाही. त्यांच्या गळ्यात ते टिकत असे. तिसरे लक्षण लयीचे. मध्यलयीत शब्द मागेपुढे खेळवत सम अचूक गाठणे ही त्यांच्या गाण्यातील खास जागा होती. बालपणी कमी ऐकू येणाऱ्या मुलाने सूर आणि लय यांवर असे प्रभुत्व मिळवावे, याचे नवल जाणकारांना नेहमीच वाटत आले आहे.

या शैलीवर टीकाही झाली. प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’च्या आग्रहापुढे पदे पुनःपुन्हा गायिली जात, नाटक पहाटेपर्यंत लांबे आणि कथानकाचा ताण सैल होई. गद्य नाटकांच्या पुरस्कर्त्यांनी यावर वेळोवेळी बोट ठेवले. ज्या गुणांमुळे नाट्यगृह भरत असे, त्याच गुणांमुळे नाटक गाण्याच्या मैफलीकडे झुकत असे.

या काळातील प्रमुख भूमिका

शाकुंतल – शकुंतला
सौभद्र – सुभद्रा
मृच्छकटिक – वसंतसेना
शारदा – शारदा
मूकनायक – सरोजिनी
मानापमान – भामिनी
विद्याहरण – देवयानी

पुढील वाटचाल

गंधर्व नाटक मंडळीच्या पहिल्या काही वर्षांत बालगंधर्वांची कीर्ती शिगेला पोहोचली. १९१६ मध्ये देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ या प्रहसनाचे संगीत रूप मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका गाजल्या. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणी आणि १९१९ मधील राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधू या त्यांच्या सर्वश्रेष्ठ भूमिकांत गणल्या जातात. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर हे प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एकत्र आले.

मालक या नात्याने बालगंधर्वांनी नाटकाच्या वैभवावर सढळ हाताने खर्च केला आणि पुढील काळात मंडळी कर्जबाजारी झाली. किर्लोस्कर मंडळीत असताना हिशेबाची जी करडी शिस्त नटांना जाचक वाटत होती, तिची उणीव नव्या मंडळीत जाणवली, असे म्हणता येते.

बालगंधर्वांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले. ज्या मिरजेत कानावर उपचार घेऊन ते प्रथम रंगभूमीवर उभे राहिले, तेथील नाट्यगृहालाही बालगंधर्वांचे नाव देण्यात आले आहे.